अनाथपणाचा दाखला

दिवाळी आली की आपल्या घरांतून दयेला भरती येते. फराळाचे डबे भरता भरता एक डबा अनाथाश्रमासाठी बाजूला निघतो, मुलांचे आखूड झालेले कपडे धुऊन, इस्त्री करून दिले जातात, आणि एखाद्या मूल नसलेल्या घरी ‘दत्तक घ्यायचे का?’ हा विषय पुन्हा एकदा निघतो. ह्या दयेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. ती नसती तर जग राहण्यालायक उरले नसते. परंतु दया घाईला आली म्हणजे तिला कायदा ही वाटेतली धोंड वाटू लागते. आणि मग तिच्याशी भांडावे लागते. सणासुदीला भांडू नये म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण घरातली सगळी माणसे एकत्र सापडतात ती सणालाच, आणि माझे हे भांडण घरातल्या माणसांशीच आहे.

भांडणाचे कारण असे. जगाच्या पाठीवर कुठे तरी युद्ध पेटते, भूकंप होतो, राज्य उलथते. वर्तमानपत्रांत धुळीने माखलेल्या मुलांची छायाचित्रे येतात, आणि सुखवस्तू देशांतली भली माणसे विचारू लागतात, ‘ह्या मुलांना आम्ही घरी आणू का?’ काही मुले जातातही. दोन-चार वर्षांनी त्या देशाचे नियम बदलतात, कागद पुन्हा तपासले जातात, कधी दारच बंद होते. आणि मग ओरड सुरू होते की, लाल फितीने मुलांचा गळा आवळला. हीच ओरड आपल्या देशाबद्दल, आपल्या महाराष्ट्राबद्दलही गेली चाळीस वर्षे चालू आहे. परदेशात स्थायिक झालेले आपले मराठी आप्तही तिच्यात सूर मिळवतात.

माझे म्हणणे सरळ आहे. गरिबी म्हणजे अनाथपण नव्हे. ज्या देशात गोंधळ माजला आहे, तिथून मूल बाहेर नेण्याचे नियम सैल करू नयेत; उलट त्याच काळात ते सर्वांत घट्ट असले पाहिजेत.

विरुद्ध बाजू दुबळी आहे असे मात्र कोणी समजू नये. मूल दिवसादिवसाने वाढते आणि कागद वर्षावर्षाने हलतो, ही त्या बाजूची तक्रार अगदी खरी आहे. संस्थेच्या पाळण्यात पडलेल्या बाळाला रात्री उचलून घेणारे कोणी हवे असते. शिक्क्याची वाट पाहण्यात त्याचे जे दिवस जातात ते त्याला कोणी परत देत नाही. शिवाय ही मंडळी उदाहरणे देतात, आणि तीही चांगली देतात. १९७९ साली पुण्यात जन्मलेली एक मुलगी ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’ ह्या संस्थेतून दत्तक गेली आणि पुढे लिसा स्थळेकर ह्या नावाने ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. बांगलादेशाच्या युद्धानंतर, १९७२ च्या जुलैत, पंधरा तान्ही मुले ढाक्याहून कॅनडाला गेली. अत्याचारातून जन्मलेल्या त्या मुलांना आपल्या गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. त्यासाठी तिथल्या सरकारने त्याच वर्षी खास हुकूम काढला. ह्या मुलांना घर मिळाले ते वाईट झाले, असे कोण म्हणेल? मी तर म्हणणार नाही. पण ह्या उदाहरणांत एक गोष्ट आधीच धरून चाललेली असते : मूल खरोखरच कोणाचे नव्हते. माझा सगळा वाद त्या ‘खरोखरच’पाशी आहे.

अनाथ म्हणायचे कोणाला? आणि ते ठरवायचे कोणी?

मी झरीला शिकवतो. तलासरी तालुक्यातले हे गाव, वस्ती वारल्यांची, गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास इथल्या पाड्यांवर गाठोडी बांधायला सुरुवात झाली असेल. भात कापून, झोडून झाले की घरातली कर्ती माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. काही जण त्याआधीच, पावसाळा सरता सरता, गुजरातच्या बंदरांतल्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेले असतात. पाऊस पुन्हा तोंडावर आला की माणसे परततात. मधले सात-आठ महिने काही मुले आईबापांबरोबर भट्टीवर, आणि बाकीची आजीजवळ. शाळेच्या कागदावर पालकाच्या सहीच्या जागी तिच्या अंगठ्याचा ठसा असतो. कधी बोट भरकटून समुद्रातली हद्द ओलांडते, आणि डहाणू-तलासरीचा खलाशी कराचीच्या तुरुंगात जाऊन पडतो. मग वर्ष जाते, दोन वर्षे जातात, कधी त्याहूनही जास्त. घरी पत्र नाही, पैसा नाही. त्याच्या मुलाला बाप आहे की नाही? मुलाला विचाराल तर तो सांगेल, ‘आहे, बोटीवर गेलाय.’

आता अशी कल्पना करा की, एखाद्या वाईट सालच्या मार्च महिन्यात बाहेरचे एक सुस्वभावी जोडपे इथे आले. त्यांना आपली भाषा येत नाही. त्यांच्याबरोबर दुभाष्या आहे आणि त्या दुभाष्याला दर मुलामागे काही मिळणार आहे. त्यांना कुडाची घरे दिसतील, हाडे मोजता येतील अशी पोरे दिसतील, आणि आईबाप दिसणार नाहीत. माझ्या वर्गातली निम्मी मुले त्यांच्या वहीत अनाथ म्हणून लिहिली जातील. लिहिणाऱ्याच्या मनात पाप नसेल. त्याला फक्त वीटभट्टी ठाऊक नसेल.

ही कल्पना आहे म्हणून कोणी हसू नये. जगात हे पुन्हा पुन्हा घडले आहे. १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगाव पडण्याच्या बेतात असताना अमेरिकेने विमानांतून हजारो व्हिएतनामी मुले हलवली. पहिलेच विमान कोसळले. आणि जी मुले पोचली त्यांच्यातली काही अनाथ नाहीतच, असा दावा पुढे अमेरिकेच्याच न्यायालयात उभा राहिला. २००७ साली एका फ्रेंच संस्थेची माणसे आफ्रिकेतल्या चाड देशातून १०३ मुले विमानात घालण्याच्या तयारीत पकडली गेली. ही दार्फूरच्या युद्धातली अनाथ मुले, असे सांगण्यात आले होते. चौकशीत निघाले ते असे की, बहुतेक मुले चाडमधल्याच खेड्यांची होती आणि त्यांची आई, बाप किंवा दुसरे वडीलधारे माणूस घरी होते. २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या धर्मशील माणसांची एक टोळी ३३ मुले सरहद्दीपलीकडे नेताना सापडली. तिथेही तेच : आईबाप जिवंत. ढिगाऱ्यात उभ्या असलेल्या बापाला कोणी सांगितले की, तुझ्या मुलाला शाळा मिळेल, पोटभर खायला मिळेल, तर तो ‘हो’ म्हणेल. ते ‘हो’ म्हणजे दत्तकपत्र नव्हे. त्या माणसाच्या मनात मूल शिकून परत यायचे असते.

आणि हे सारे भोळ्या घाईतून घडते असेही नाही. दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्या. १९५३ साली युद्ध थांबले; पण मुले बाहेर जाण्याचे थांबले नाही. देश सावरला, श्रीमंत झाला, तरी मुले जातच राहिली. काही दशकांत एक लाख चाळीस हजारांवर मुले परदेशी गेली. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने आपल्याच सरकारवर ठपका ठेवला. आईबाप माहीत असलेल्या मुलांची अनाथ म्हणून नवी नोंद करण्यात आली होती. कारण अनाथाचे कागद लवकर होत. म्हणजे मूल आधी अनाथ आणि मग दत्तक, असा क्रम नव्हता. गिऱ्हाईक आधी होते. मुलाला अनाथपणाचा दाखला मागाहून मिळाला.

आपल्याकडे काय होते? १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली परदेशी माणसाला मुलाचे फक्त पालकत्व मिळे. तेवढा हुकूम घेऊन तो विमानात बसे, आणि खरे दत्तक तिकडे होई. आपल्या न्यायालयाला मूल जाताना दिसे. ते कुठे आणि कसे पोचले ते दिसत नसे. लक्ष्मीकांत पांडे ह्या वकिलाने ह्या व्यवहाराविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती ह्यांनी दिलेल्या निकालात पहिल्यांदा कडक नियम घालून दिले. मुलासाठी आधी देशात घर शोधावे, ते न मिळाले तरच बाहेर बघावे, हे त्यांतले मुख्य सूत्र. १९९० साली केंद्राने त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली, आणि २००३ साली भारताने हेगचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला.

तरीही काय झाले ते पहा. १९९९ ते २००१ च्या सुमारास आंध्रात लंबाडी तांड्यांवरच्या तान्ह्या मुली दलालांमार्फत संस्थांत आणि तिथून परदेशी पोचत असल्याचे उघडकीला आले. आपल्या पुण्यात ‘प्रीत मंदिर’ ह्या संस्थेवर, गरीब आईबापांकडून मुले सोडवून घेतल्याचे आणि परदेशी पालकांकडून ठरल्याहून जास्त पैसे घेतल्याचे आरोप झाले. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने चौकशी सीबीआयकडे गेली आणि त्याच साली संस्थेची मान्यता थांबली. नियम होते, तरी हे घडले. नियम नसते तर काय घडले असते, हे नियमांवर चिडणाऱ्यांनी एकदा मनाशी म्हणून पाहावे.

ह्या साऱ्या प्रकरणांत एक कागद असतोच. त्याच्या खाली आईचा अंगठा असतो. कागद तिला वाचता येत नाही. वाचून कोणी दाखवला, काय वाचून दाखवला, हे तिला सांगता येत नाही. आणि तरी मोठमोठी शिकलेली माणसे त्या अंगठ्याकडे बोट दाखवून म्हणतात, ‘तिने स्वखुशीने दिले आहे.’

‘स्वखुशी’ हा शब्द झरीच्या माणसाला ओळखीचा आहे. पूर्वी वारल्याला लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढावे लागे, आणि ते फेडण्यासाठी तो आणि त्याची बायको जन्मभर त्याच्या दारी राबत. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. तोंडी शब्द असो की कागदावरचा अंगठा, जमीनदार म्हणायचा की, गडी आपल्या खुशीने राहिला आहे. २३ मे १९४५ रोजी ह्याच झरीत पाच हजारांच्या आसपास वारली जमले. गाव तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर ह्यांच्या पुढाकाराने भरलेल्या त्या सभेत ठरले की, वेठ करायची नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि त्यात जेठ्या गांगड पडला. एवढे मोल देऊन ह्या मुलखाने एक गोष्ट शिकून घेतली : पोटात भूक असताना दिलेली संमती ही संमती नसते. ज्या न्यायाने आपण लग्नगड्याचा करार रद्द ठरवला, त्याच न्यायाने भुकेल्या आईचा अंगठा तपासला पाहिजे. मजुरी लिहून घेणे पाप आणि मूल लिहून घेणे पुण्य, हे गणित मला सुटत नाही.

आजचा कायदा ह्या बाबतीत आपल्याहून शहाणा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मूल सोपवण्याची जी कारणे दिली आहेत ती शारीरिक, मानसिक आणि सामाजिक, आणि तीही आईबापांच्या हाताबाहेरची. त्यांत गरिबी हा शब्द नाही. मूल सोपवल्यानंतरही आईला विचार बदलायला दोन महिने आहेत. टाकलेल्या मुलाच्या आईबापांचा शोध घ्यावा लागतो. आणि मूल दोन वर्षांच्या आतले असेल तर दोन महिन्यांत, मोठे असेल तर चार महिन्यांत बालकल्याण समितीने ते दत्तकास मोकळे आहे की नाही ते जाहीर करायचे असते. ह्या दोन महिन्यांनाच आपली मंडळी दिरंगाई म्हणतात! साखरपुडा ते लग्न ह्यात आपण सहा महिने घालवतो, हॉलच्या तारखेसाठी वर्ष थांबतो. आणि एका बाईने आपले मूल कायमचे तोडायचे की नाही ह्यासाठी साठ दिवस म्हणजे फार झाले?

मग सरकारचे सारेच बरोबर आहे काय? मुळीच नाही. नियम घट्ट असणे निराळे आणि नियम डळमळीत असणे निराळे. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा हुकूम देण्याचे काम न्यायालयांकडून काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे देण्यात आले. ज्यांची प्रकरणे न्यायालयात अर्ध्यावर होती त्यांनी काय करायचे, ह्याचा पत्ता नव्हता. शेवटी २०२३ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, चालू प्रकरणे तूर्त न्यायालयातच राहू द्या. चीनने २०२४ च्या सप्टेंबरात परदेशी दत्तक जवळजवळ बंदच केले. १९९२ पासून दीड लाखांवर मुले तिथून बाहेर गेली होती; आणि दार लागले तेव्हा शेकडो मुले अशी होती की, ज्यांना घर ठरले होते, ज्यांना नव्या आईबापांची छायाचित्रेही दाखवून झाली होती. त्यांतली कित्येक अपंग. हा अन्याय आहे. दार घट्ट लावायचे असेल तर उंबऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाला आत किंवा बाहेर घेऊन मग लावावे. त्याच्या बोटांवर लावू नये.

आता घरातल्या माणसांकडे वळतो. सरकारी आकडे सांगतात की, २०२४-२५ साली देशात ४,५१५ दत्तके झाली, आणि त्यांतली ४,१५५ देशातल्या देशात. मुलासाठी नाव नोंदवून बसलेली घरे तीस हजारांवर आहेत. मग उरलेली मुले देशाबाहेर का जातात? कारण आपल्याला ती नको असतात. आपल्याला मूल हवे ते दोन वर्षांच्या आतले, धडधाकट, आणि जमल्यास उजळ रंगाचे. ऐकू न येणारे, हृदयाला छिद्र असलेले, सात वर्षांचे, किंवा धाकट्या भावाचा हात न सोडणारे मूल आपल्या यादीत बसत नाही. ते मूल मग इटलीला जाते, स्पेनला जाते, अमेरिकेला जाते. तिथली एखादी शिक्षिका किंवा सुतार त्याला छातीशी धरतो, आणि आपण इथे बसून पाश्चात्त्यांना कुटुंबसंस्था नाही म्हणून व्याख्याने देतो. ‘मुलांचा व्यापार चालला आहे’ असे ओरडणाऱ्या स्वाभिमानी मंडळींनीही हे ऐकून ठेवावे. परदेशाची वाट समूळ बंद करा असे म्हणण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने त्या सात वर्षांच्या मुलासाठी आपल्या घरात एक खाट टाकली आहे.

‘मग तू सांग, काय करावे,’ असे कोणी विचारील. चार गोष्टी सांगतो.

पहिली : मुलावर खर्च करायचा तर तो आधी आईच्या हातात पडू द्या. एक मूल परदेशी नेण्याचा खर्च लाखांत जातो. आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना सव्वादोन हजार रुपये मिळतात. पण विधवेने किंवा आजीने ते मिळवायचे म्हणजे दाखल्यामागे दाखला आणि हेलपाट्यामागे हेलपाटा. मूल घालवण्याचा कागद एका अंगठ्यात होतो आणि मूल सांभाळण्याच्या कागदाला डझनभर शिक्के लागतात, ही लाज आहे.

दुसरी : ज्या देशात युद्ध किंवा आपत्ती चालू आहे तिथून त्या काळात मूल दत्तक म्हणून बाहेर जाऊ नये. त्याला अन्न द्या, औषध द्या, शेजारच्या गावात निवारा द्या. पण त्याचे नाव बदलू नका. वादळ शमू द्या, माणसे घरी परतू द्या, मग कोण उरले ते मोजा. रशियाने आक्रमण केले तेव्हा २०२२ साली युक्रेनने हेच केले, आणि योग्य केले.

तिसरी : नियम बदलायचा तर तो उद्याच्या मुलासाठी बदला, ज्याचे घर ठरले त्याला जुन्या नियमाने पोचवा.

चौथी : कागद जपा. १९७३ साली पुण्याहून तान्हेपणी जर्मनीला गेलेला अरुण डोहले मोठा होऊन परत आला आणि आपल्या जन्माची फाइल मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. ज्या घरात तो वाढला ते वाईट होते म्हणून नव्हे. आपण कोणाचे, हे विचारण्याचा हक्क पोटभर जेवण मिळाल्याने संपत नाही. नेदरलँड्सने २०२१ साली परदेशी दत्तक थांबवले ते अशाच मोठ्या झालेल्या मुलांच्या प्रश्नांमुळे. लहानपणी ज्यांना कोणी विचारले नाही तेच आता मोठेपणी विचारीत आहेत, आणि उत्तर द्यायला कागद नाहीत. जे आहेत ते खोटे आहेत.

वाट पाहत बसलेल्या जोडप्यांना एवढेच सांगायचे आहे. तुमचा विलंब मला दिसतो. पण तुमच्या हाती येणाऱ्या मुलाच्या मागे कोणी रडत राहिले नाही ना, ही खात्री त्या विलंबातच होते. ही खात्री उद्या तुम्हालाच लागेल. कारण ते मूल पंधरा वर्षांचे झाले की एक दिवस तुम्हालाच विचारणार आहे, ‘मला कुठून आणले?’ त्या वेळी खाली मान न घालता उत्तर देता यावे, म्हणून हे नियम आहेत.

आणि बाकीच्यांनी, दिवाळीचा डबा अनाथाश्रमाकडे धाडताना, त्यातला एक मुलाच्या आजीच्या दारीही धाडावा. तिचा पत्ता संस्थेच्या वहीत मिळणार नाही. तो शोधावा लागेल.